शेततळ्यातले शेवाळ: मासे सोडण्याआधी करायची कामे

फेब्रुवारी सरत आला की शेततळ्यांचे पाणी हिरवे पडायला लागते. ठिबकचा सॅन्ड फिल्टर दिवसातून तीन-चारदा बॅकवॉश करावा (उलटे पाणी सोडून धुवावा) लागतो, ड्रिपर चोक होतात, आणि कोणीतरी सल्ला देतो, "मासे सोडा, शेवाळ खाऊन टाकतील." मग दोन-तीनशे बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, येते. त्यात निम्मे कटले, वर चार-दोन चिलापी (तिलापिया) न मागता आलेली. एप्रिलमध्ये पाणी आधीपेक्षा जास्त हिरवे.

सल्ला अगदीच खोटा नसतो, क्रम चुकलेला असतो. तळ्यात कोण कोणाला खातो हे नीट ओळखून शेवाळ आटोक्यात ठेवता येते. पण त्या कामात मासे सोडणे जवळजवळ शेवटी येते, आणि कित्येक तळ्यांत ते करायची गरजही नसते.

खालचा सगळा हिशेब ३० × ३० × ३ मीटरच्या, कागद (प्लास्टिकचे अस्तर) अंथरलेल्या शेततळ्याचा आहे. बाजूंचा उतार १:१ धरला तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी बसते. तुमचे तळे लहान-मोठे असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

## साखळी, थोडक्यात

हिरवे पाणी म्हणजे पाण्यात तरंगणारे, सुटे-सुटे डोळ्याला न दिसणारे शेवाळ. त्याला खाते पाणपिसू. हा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, झटके देत पोहणारा जीव. मत्स्यव्यवसायातली माणसे डॅफ्निया आणि मोईना म्हणतात ते हेच. पाणपिसूला खातो बारीक मासा: गप्पी, चिलापीची पिल्ले, ओढ्या-कालव्यातून आलेले चिमुकले मासे. आणि बारीक माशाला खातो मरळ.

बारीक मासा वाढला की पाणपिसू संपते आणि शेवाळाला मोकळे रान मिळते. बारीक मासा घटला की पाणपिसू वाढते. एका लिटरमध्ये ५० पाणपिसवा असतील आणि प्रत्येकीने दिवसाला ५ मिलिलिटर पाणी गाळले, तर दिवसाला पाव लिटर गाळून होते. म्हणजे चार दिवसांत तळ्याचे सगळे पाणी एकदा त्यांच्या पोटाजवळून जाते, आणि तेही डिझेल-विजेशिवाय.

या पद्धतीवरचे बहुतेक लिखाण युरोप-अमेरिकेतल्या थंड तलावांवरचे आहे. तिथे बारीक मासा वर्षातून एकदा पिल्ले घालतो. तीन चतुर्थांश मासा काढला तरी पुढे बराच काळ पाणी स्वच्छ राहू शकते. आपल्याकडे चिलापी जवळजवळ वर्षभर पिल्ले घालते आणि पिल्लू तीन-चार महिन्यांत स्वतः आई होते. म्हणून "बराचसा मासा काढला" हे आपल्याकडे पुरत नाही.

आधीच ठरवा: याच तळ्यात मासे वाढवून विकायचे असतील तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. मत्स्यपालनाला हिरवट पाणी लागते, त्यासाठी शेण आणि खाद्य टाकतात. ठिबकला नितळ पाणी लागते. एकाच तळ्यातून दोन्ही काढायला जाल तर दोन्ही अर्धवट होतील.

## तयारी

स्टीलची एक ताटली घ्या, साधारण २० सेंटिमीटर व्यासाची. चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे, दोन पांढरे रंगवा. मधोमध भोक पाडून नायलॉनची दोरी ओवा, खाली दगड बांधा, दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारा. झाले तुमचे पारदर्शकता मोजायचे साधन.

अकरा ते दोनच्या दरम्यान, आपली सावली पडते त्या बाजूने ताटली सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी वहीत लिहा. आठवड्याला एकदा, त्याच जागेवरून. मत्स्यपालनात २५ ते ४० सेंटिमीटर चांगले मानतात. ठिबकसाठी मीटरभर किंवा त्याहून खोल दिसायला हवे. पावसानंतर मातीच्या गढूळपणानेही आकडा घटतो, म्हणून शेजारी पाण्याचा रंगही लिहा.

याशिवाय एक पारदर्शक काचेची बरणी, पांढरी बादली, तारेच्या कड्यावर शिवलेली मलमलच्या कापडाची गाळणी आणि टॉर्च.

सावधान: ओल्या कागदावर पाय घसरला की वर येता येत नाही, पोहता येत असले तरी. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर कायमचे सोडून ठेवा, हवा भरलेली ट्यूब बांधावर ठेवा, आणि तळ्यात उतरताना दुसरा माणूस काठावर हवाच.

## टप्पा १: शेवाळ कोणते ते ओळखा

ही पायरी बहुतेक जण वगळतात. तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकाच नावाने हाक मारतो आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

पहिली चाचणी काठीची. पृष्ठभागावरचे शेवाळ काठीने उचला. केसांसारखे धागे लोंबले तर ते दोरीचे शेवाळ. काठीला रंग लागला आणि धागा नाही, तर दुसरी चाचणी करा.

बरणी पाऊण भरा, झाकण सैल लावा, रात्रभर न हलवता ठेवा. पृष्ठभागावरचा थर गोळा करू नका, हातभर खालचे पाणी घ्या. सकाळी हिरवेपणा तळाशी बसला असेल किंवा सगळीकडे सारखा असेल तर ते साधे हिरवे शेवाळ असण्याची शक्यता जास्त. पाणपिसूचे हे खाद्य. हिरवेपणा वर येऊन कडे धरून बसला असेल तर निळे-हिरवे शेवाळ समजा. पाण्यावर ऑइलपेंट सांडल्यासारखा थर, वाऱ्याच्या दिशेच्या कोपऱ्यात गोळा झालेला, ही त्याची आणखी एक खूण.

निळ्या-हिरव्या शेवाळाच्या गाठी पाणपिसूच्या तोंडात मावत नाहीत आणि तिला पोसतही नाहीत. त्यातल्या काही जाती विष तयार करतात. असे पाणी जनावरांना पाजू नका. उकळल्याने ते विष जात नाही.

दोरीच्या शेवाळावरही पाणपिसूचा काही इलाज चालत नाही. ते लाकडी दाताळ्याच्या टोकांना कापड गुंडाळून, कागदाला न लावता ओढून काढायचे आणि बांधापलीकडे टाकायचे. बांधावरच वाळत ठेवले तर पहिल्या पावसात त्यातले सगळे परत तळ्यात.

## टप्पा २: खताची वाट बंद करा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. शेवाळ स्फुरदावर (फॉस्फरसवर) वाढते आणि बागायतदाराच्या तळ्याला स्फुरदाचा तोटा नसतो.

१२:६१:०० या ठिबकमधून द्यायच्या खताचे उदाहरण घ्या. एक किलोत ६१० ग्रॅम पी-टू-ओ-फाइव्ह, म्हणजे शुद्ध स्फुरद सुमारे २६६ ग्रॅम. २२ लाख लिटरमध्ये ते मिसळले तर लिटरमागे ०.१२ मिलिग्रॅम होते. तलावाच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर स्फुरद गेला की ते पाणी अतिपोषित समजतात, आणि तिथून पुढे पाणपिसू किंवा मासे काहीही करा, शेवाळ पुरून उरते. म्हणजे भरलेले तळे बिघडायला एक किलो खत पुरे. मेमध्ये तळे अर्ध्यावर आले असेल तर अर्धा किलो. आणि बाष्पीभवनाने पाणी उडते, खत उडत नाही.

हे एक किलो येते कुठून? नेहमी सापडणाऱ्या जागा अशा:

१. व्हेंच्युरी (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारे साधन) किंवा खताच्या टाकीतून उलटे येणारे पाणी. पंप बंद झाला की नळीतले खतमिश्रित पाणी उताराने तळ्याकडे परत येते. एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवलेला असतो, पण त्याचा रबर झिजलेला असतो. पंप बंद करून तळ्याकडचा जोड सैल करून बघा, पाणी मागे येते का.

२. बांधावर ठेवलेल्या पिशव्या, ढवळायच्या बादल्या, स्लरी-जीवामृताचे बॅरल. तळ्यातच बादली विसळायची सवय तर जवळजवळ सगळ्यांची.

३. पावसाचे वाहून येणारे पाणी. बांध जमिनीपेक्षा उंच हवा आणि बाहेरून चर हवा. गोठ्याचे किंवा पोल्ट्रीचे पाणी त्या चरात येत असेल तर चर दुसरीकडे वळवा.

४. तळाचा गाळ. मागच्या सगळ्या वर्षांचा स्फुरद त्यात साठलेला असतो आणि गरम, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तो परत सुटतो.

पाणी तपासायला देताना स्फुरद वेगळा मोजून मागा. अहवालात आकडा फॉस्फेटचा असेल तर त्याला ३ ने भागा, म्हणजे स्फुरदाचा अंदाज मिळतो.

गाळ काढायची वेळ मे. तळे रिकामे करून एक-दोन दिवसांत काम उरका. फावडे वापरू नका. रबरी वायपरने गाळ एका कोपऱ्यात ओढा, प्लास्टिकच्या घमेल्याने काढा, अनवाणी काम करा. गाळ शेतात पसरा, तो वाया जात नाही. काम संपले की लगेच फूटभर पाणी घाला. रिकाम्या तळ्यात वारा शिरला की कागद फुगतो आणि जोड उकलतात.

तपासणी: पुढे जाण्याआधी एनआरव्ही, बांध, चर आणि गाळ या चारही गोष्टी झाल्या का? एखादी राहिली असेल तर इथेच थांबा. पुढचे सगळे टप्पे या एकावर उभे आहेत.

## टप्पा ३: तळ्यात आहे कोण ते पाहा, आणि बारीक मासा काढा

"आमच्या तळ्यात मासा नाही" हे वाक्य मी आता बघितल्याशिवाय मानत नाही. संध्याकाळी पोळीचा तुकडा दोऱ्याला बांधून काठाजवळ सोडा. पाच-दहा मिनिटांत टोचायला कोणी येते का बघा. अंधार पडल्यावर टॉर्च मारून कडेने फेरी मारा. गाळ असलेल्या तळाशी ताटाएवढे गोल खड्डे दिसले तर ती चिलापीची घरटी.

चिलापी बहुतेक वेळा कालव्याच्या किंवा नदीच्या पाण्याबरोबर येते. बोटुकलीच्या पिशवीत मिसळूनही येते. गप्पी आपणच आणतो. डासांसाठी गप्पी सोडणे चांगलेच, पण डेंग्यूचा डास घराजवळच्या साठवलेल्या पाण्यात वाढतो, तेव्हा गप्पी हौदात सोडा. ३ मीटर खोल उघड्या तळ्यात ते डासांच्या अळ्यांपेक्षा पाणपिसूच जास्त खातात.

मासा पूर्ण काढायची खरी संधी वर्षातून एकदाच येते: गाळ काढताना, मेमध्ये. पाणी फूट-दीड फुटावर आणा, ओढजाळे दोन-तीनदा फिरवा, उरलेली डबकी बादलीने उपसा. चिलापीचे पिल्लू कागदाच्या सुरकुतीतल्या ओंजळभर पाण्यातही तगते, त्यामुळे प्रत्येक सुरकुती पुसून कोरडी करा. कंटाळवाणे काम आहे, पण एक नर आणि एक मादी राहिली तरी दिवाळीपर्यंत तळे पुन्हा भरते.

मोहाची पेंड टाकून मासे मारायची पद्धत मत्स्यपालनात रूढ आहे. हेक्टरी एक मीटर पाण्याला २,५०० किलो हे तिचे नेहमीचे प्रमाण. मासे मरतात हे खरे, पण दोन-तीन आठवड्यांनी विषाचा अंमल ओसरला की तीच पेंड पाण्यात खत होते. मत्स्यपालकाला ते हवेच असते. तुम्हाला नको आहे.

तळे परत भरताना पाण्याच्या तोंडाशी मच्छरदाणीच्या कापडाची दुहेरी पिशवी बांधा आणि रोज धुवा. पिशवी फाटली तर गाळण्याचे सोंग राहते आणि मासा आत येतो.

नेहमीची चूक: कटला हा शेवाळ खाणारा मासा समजणे. कटला वरच्या थरात राहून मुख्यतः प्राणी प्लवंगच खातो, म्हणजे नेमकी आपली पाणपिसू. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि मृगळ हे मासे तळ उकरतात आणि गाळातले खत वर आणतात. गवत्या (ग्रास कार्प) पाणवनस्पती खातो, हिरव्या पाण्याचे काही करत नाही, आणि खाल्लेले बरेचसे खत म्हणून परत पाण्यात सोडतो.

## टप्पा ४: पाणपिसू आणा आणि जपा

जुन्या तळ्याच्या गाळात तिची सुप्त अंडी असतात आणि ती आपोआप उगवते. गाळ पूर्ण काढलेल्या किंवा नव्या कागदाच्या तळ्यात बियाणे आणावे लागते. मासे नसलेले डबके, जुनी दगडखाण, गोठ्यामागचा हौद बघा. पहाटे मलमलची गाळणी पाण्यात आठ-आठच्या आकारात फिरवा आणि पांढऱ्या बादलीत उलटी करा. तपकिरी-लालसर ठिपके झटके देत फिरताना दिसले की तीच. पाण्यातले ढेकूण, चतुराच्या अळ्या, बेडकाची पिल्ले आणि मुख्य म्हणजे माशाचे पिल्लू, हे सगळे चमच्याने निवडून बाहेर काढा. मासे असलेल्या तळ्यातून बियाणे कधीच आणू नका.

थोडेच मिळाले तर ५००-१००० लिटरच्या टाकीत तुमच्याच तळ्याचे हिरवे पाणी भरून त्यात सोडा. गरम हवेत मोईना आठवडाभरात पुष्कळ वाढते. उन्हाळ्यात ती डॅफ्नियापेक्षा जास्त सोसते, म्हणून आपल्याकडे बहुतेक भरवसा तिच्यावरच.

सोडताना बादली अर्धा तास तळ्यातच तरंगत ठेवा, म्हणजे पाण्याचे तापमान सारखे होते. संध्याकाळी सोडा, चार-पाच जागी. वेळ सप्टेंबर ते जानेवारी. मार्चमध्ये पाणी हिरवे पडल्यावर सोडलेली पाणपिसू शेवाळाला गाठू शकत नाही.

तळ्याच्या एका कोपऱ्यात चार बांबू रोवता येत नाहीत, कागद फाटेल. त्याऐवजी पीव्हीसी पाइपची तरंगती चौकट करा आणि तिला मच्छरदाणीचा तळ असलेला पिंजरा लटकवा. त्यात पाणपिसूचे बियाणे कायम राहू द्या. बाहेर मासा शिरला तरी आतून पुन्हा पेरता येते.

तिला मारणाऱ्या गोष्टी तीन, आणि तिन्ही आपल्याच हातच्या.

मोरचूद (कॉपर सल्फेट). शेवाळ मारायला लागते त्याहून कितीतरी कमी मात्रेत पाणपिसू मरते. शेवाळ आठ दिवस बसते, मग खाणारे कोणी उरलेले नसते, आणि ते दुप्पट जोमाने उठते. दर पंधरा दिवसांनी मोरचूद टाकणारी तळी यातूनच तयार होतात. निळे-हिरवे शेवाळ असेल तर मोरचुदाने पेशी फुटून विष एकदम पाण्यात मोकळे होते, तो धोका वेगळाच.

कीटकनाशके. सायपरमेथ्रीन, लॅम्बडा, क्लोरपायरीफॉस यांचा अगदी थोडा अंशही तिला पुरतो. द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा मारा सुरू होतो आणि नेमका तोच तिच्या वाढीचा काळ. ब्लोअर (फवारणीचे यंत्र) तळ्याच्या बांधावर धुऊ नका, वारा तळ्याकडे असताना जवळच्या ओळी फवारू नका.

डासनाशक टेमिफॉस. ते तळ्यात टाकायचे नाही.

तपासणी: सोडल्यानंतर दोन आठवड्यांनी, पहाटे, काचेच्या बरणीत लिटरभर पाणी घेऊन टॉर्चसमोर धरा. वीस-पंचवीस ठिपके झटके देत असतील तर काम लागले. सगळे ठिपके तळाशी निपचित असतील तर फवारा आला आहे, बाहेरून नवे बियाणे आणून पुन्हा पेरा. एकही नसेल तर तळ्यात मासा आहे, टप्पा ३ पुन्हा वाचा.

## टप्पा ५: मरळ, गरज असली तरच

तळे खरोखर निर्मासा झाले असेल तर काहीच सोडू नका. हे ऐकायला लोकांना आवडत नाही, तळे आहे म्हणजे मासा हवाच असे वाटते. पण पाणपिसूसाठी मासा नसलेल्या तळ्यासारखी जागा नाही.

कालव्याचे पाणी वारंवार घ्यावे लागत असेल आणि बारीक मासा येतच राहणार असेल, तर मरळ. हवेतला प्राणवायू घेऊ शकत असल्याने उन्हाळ्यातल्या पहाटेही तगते. बोटाच्या पेराएवढी पिल्ले सोडू नका. ती लहान असताना प्राणी प्लवंगच खातात. वीतभर, निदान १० सेंटिमीटरच्या वरची घ्या, आणि एका तळ्याला चाळीस-पन्नासच्या पुढे जाऊ नका. खाद्य अजिबात टाकायचे नाही, भुकेली राहिली तरच ती शिकार करते. पावसात ती काठावरून सरपटत निघून जाते, म्हणून कडेने फूटभर उंच जाळी लावा.

सावधान: "देशी मांगूर" म्हणून आफ्रिकन मांगूर गळ्यात मारला जातो. तो पाळायला देशात २००० सालापासून बंदी आहे. ओळखता येत नसेल तर मांगूर घेऊच नका.

## टप्पा ६: चंदेऱ्याची दुसरी वाट

चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, शेवाळ थेट गाळून खातो. चीनमध्ये वुहानच्या डोंगहू तलावात निळ्या-हिरव्या शेवाळाचे थर १९८५ च्या सुमारास नाहीसे झाले, त्याचे श्रेय तिथल्या अभ्यासकांनी चंदेरा आणि बिगहेड या माशांच्या दाट साठ्याला दिले. पण त्यांना लागलेले प्रमाण होते घनमीटरमागे साधारण ५० ग्रॅम मासा. आपल्या तळ्यात ते ११० किलो होते. १० ग्रॅमची तीनशे बोटुकली म्हणजे ३ किलो. "चंदेरा सोडला, काही फरक नाही" या तक्रारीचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

शिवाय चंदेरा शेवाळाच्या मोठ्या गाठी पकडतो, बारीक शेवाळ त्याच्या गाळणीतून निसटते, आणि पाणपिसू मात्र सापडते. म्हणून हिरवा थर जातो, पण पाणी नितळ होतेच असे नाही. माझे मत असे: बरणीच्या चाचणीत शेवाळ वर तरंगत असेल आणि खताची वाट काही कारणाने बंद करता येत नसेल, तरच चंदेरा. पाणपिसूची वाट आणि चंदेऱ्याची वाट एकाच तळ्यात एकत्र करू नका.

## टप्पा ७: पाणी उपसायची जागा

फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाणी ओढणाऱ्या पाइपचे तोंड) तळाशी टाकला की गाळ येतो, वर ठेवला की शेवाळाचा थर येतो. रिकाम्या प्लास्टिक ड्रमला बांधून तो पृष्ठभागाखाली मीटरभर लटकता ठेवा. पातळी उतरली की तोही उतरतो. पाणपिसू रात्री वर येते आणि दिवसा बरीचशी खाली जाते, आणि फिल्टरमध्ये तीही अडकते. बरणीत ती दाट दिसत असेल त्या दिवसांत जाळी थोडी लवकर धुवावी लागेल. हा त्रास शेवाळाच्या चिकट थराइतका नाही, पाण्याच्या एका झोतात ती सुटते.

## काय दिसेल, आणि कधी घाबरायचे

पाणपिसू वाढली की दोन ते चार आठवड्यांत ताटली खोल दिसू लागते. मग एक दिवस बरणीत पाणपिसू एकदम कमी दिसते. शेवाळ संपले म्हणून ती उपाशी मरते, पुन्हा हिरवे झाले की पुन्हा वाढते. हा चढ-उतार चालायचाच. त्या मधल्या आठवड्यात मोरचूद टाकणारे बरेच आहेत.

पाणी नितळ झाले की ऊन तळापर्यंत पोहोचते आणि कागदाच्या उतारावर दोरीचे शेवाळ धरते. हे अपयश नव्हे, पण हाताने काढावे लागते. थोडे असतानाच काढा.

तळ्यात मासे असतील, तीन-चार दिवस ढगाळ असतील आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेत असतील, तर प्राणवायू संपला आहे. पंपाने पाणी उंचावरून तळ्यातच पाडत राहा, ऊन पडेपर्यंत.

## हेच गावतळ्यात किंवा धरणात करायचे असेल तर

पिण्याच्या पाण्याच्या तलावात यातले काही स्वतःच्या मनाने करू नका. तिथे निळे-हिरवे शेवाळ दिसले तर ग्रामपंचायतीमार्फत पाणी तपासायला द्या आणि अहवाल येईपर्यंत जनावरेही दूर ठेवा. मातीच्या पाझर तलावात पाणी दरवर्षी पूर्ण आटेलच असे नाही, त्यामुळे बारीक मासा दरवर्षी जाळ्याने काढत राहावा लागतो, एकदा काढून भागत नाही.

ओढ्या-नदीला जोडलेल्या पाण्यात परदेशी मासा सोडायचा नाही. हिमाचलमधल्या गोविंदसागर जलाशयात १९७१ साली चंदेरा अपघाताने शिरला. पुढे मासेमारीत तोच सगळ्यात जास्त सापडू लागला आणि कटला मागे पडला. शेततळ्यातून ओसंडणारे पाणी पावसाळ्यात ओढ्याला जात असेल तर हा नियम तुमच्या तळ्यालाही लागू आहे, तेव्हा सांडव्याच्या तोंडाशी जाळी लावल्याशिवाय चंदेरा आणू नका.

दुसऱ्या उन्हाळ्यातही ताटली अर्ध्या मीटरच्या आत दिसेनाशी होत असेल तर मरळ वाढवून किंवा नवीन बियाणे टाकून उपयोग नाही. एनआरव्ही उघडून रबर बघा.